यिमर, अ. यांचं कार्ड

अदिस अबाबा,
मेस्केरेम २२, १९९८

प्रिय धाकट्या अयालेवला,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू कसा आहेस? बायको कशी आहे, मुलं, गुरं, मधमाश्या? सगळी सुखरूप ना? मी बरी आहे, देवाची कृपा. एक गुडघा सोडला तर तक्रार नाही. आपल्यात पत्राच्या सुरुवातीला एवढी चौकशी करावीच लागते हे एका परीने बरं आहे. नाहीतर चार वर्षांनी पत्र लिहायला बसलेल्या बाईने पहिलं वाक्य आणायचं कुठून?

चार वर्षं म्हणजे आई गेल्यावरच्या चाळिसाव्या दिवसापासून. तेव्हा तरी आपण काय बोललो? मांडव कुठे घालायचा आणि इंजेरा-भाकऱ्या किती लागतील. तू म्हणालास, "दोनशे पुरे." मी म्हणाले, "तीनशे कर, माणसं येतील." शेवटी पन्नास उरले आणि ते कुणी न्यायचे यावर आणखी दोन वाक्यं झाली. त्यानंतर तू बिचेनाच्या बसमध्ये बसलास आणि मी इकडे आले.

इकडची खबरबात अशी. माझ्या सोस्नाची मेकेलेच्या इस्पितळात बदली झाली. माझ्या हातचं खाऊन कंटाळा आला म्हणायची, आता फोनवर शिरोच्या आमटीत मसाला कधी घालायचा ते विचारते. मेस्केलच्या सणाची होळी यंदा आमच्या गल्लीत नीट पेटलीच नाही, लाकडं ओली होती. पिवळी फुलं मात्र भरपूर आली आहेत. तुमच्याकडे तर डोंगरच पिवळे झाले असतील.

ग्रंथालयात धांदल आहे. इतकी वर्षं कार्डांच्या खणांत जे होतं त्याचं आता छापील पुस्तक होणार. चार खंड. आपल्या देशाच्या भाषांमध्ये छापलेलं जे जे आमच्याकडे आहे त्या सगळ्याची सूची, लेखकवार. हिदार महिन्याच्या अखेरीस छापायला जाईल. आतल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव असेल. सेने महिन्यात मी निवृत्त होते, तेव्हा जाता जाता ही शाल अंगावर पडतेय म्हण.

येशिमबेट अजून आहे. पुस्तकं जागेवर लावणारी, तू पाहिली होतीस तिला. आता कंबर धरून चालते, पण जीभ तशीच. परवा वाचकांसमोर मला म्हणाली, "बाई, तुमची सूची छापून झाली की मला एक प्रत द्या. उंच फळीवर हात पुरत नाही, पायाखाली घेईन." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

एक विचारायचं होतं. तू गेल्या वर्षी इथल्या एखाद्या प्रकाशनाकडे काही पाठवलं होतंस का? सहज विचारते. मधाच्या झाडांवरचं, हाताने लिहिलेलं, बरंच जाड. कुणी तरी बोललं माझ्याजवळ. असलं तर कळव, नसलं तरी कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

पावसाची उघडीप झाली आहे, छातीला जपत जा. तुला लहानपणापासून याच दिवसांत खोकला होतो.

तुझी बहीण,
अ. यिमर

ता. क. सही हाताच्या सवयीने ऑफिसातल्यासारखी झाली. आता खाडाखोड करत नाही.


अदिस अबाबा,
तिक्म्त २०, १९९८

प्रिय अयालेव,

तू बरा आहेस हे चिठ्ठीवरून कळलं, म्हणून आज चौकशी आखडती घेते. मी बरी नाही. गुडघ्याचं नाही, दुसरंच आहे.

तुझा डबा बसच्या कंडक्टरने ऑफिसात आणून दिला. झाकण घट्ट बांधलं होतंस तरी थोडा मध गळलाच. कंडक्टरच्या बाहीला लागला होता आणि तो माझ्याशी बोलता बोलता बाही चाटत होता. आत तुझी चिठ्ठी. तीन ओळी. "एत्ये, हो, पाठवलं होतं. त्यांनी नाकारलं. मध गिरावाच्या फुलांचा आहे, कडवट लागेल, तुला चालेल."

तू अजून मला एत्ये म्हणतोस. थोरल्या बहिणीला दुसरं काय म्हणणार, ते खरं, पण मला वाटलं होतं तू ते सोडलं असशील. आणि ते "तुला चालेल" वाचून मी तासभर एकही कार्ड टाइप केलं नाही.

अयालेव, मी गेल्या पत्रात खोटं लिहिलं. कुणी तरी माझ्याजवळ बोललं वगैरे काही नाही. तुझं हस्तलिखित माझ्या टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात आहे. चार महिने झाले. प्रकाशनाने ते मलाच पाठवलं होतं. सोबतच्या पत्रात होतं, "सदर लेखकाने ग्रंथालयाच्या सूचीनुसार आपण १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातील बराच मजकूर आपलं नाव न देता उचलल्याचं परीक्षकांच्या लक्षात आलं आहे. कृपया तपासून लेखी कळवावं." आपण म्हणजे मी. माझ्या पुस्तकातून तू चोरलंस, असं त्यांचं म्हणणं. तुला त्यांनी "नाकारलं" एवढंच कळवलं असेल. माझं उत्तर गेलं नाही म्हणून ते तसं धरून चालले.

मी तो गठ्ठा उघडलाही नव्हता. दोरी तुझ्या हाताची होती, ती गाठ तू लहानपणापासून मारतोस, मधमाश्यांच्या टोपल्या झाडाला बांधायची. ती सोडायचं धैर्य झालं नाही.

आता पहिल्यापासून सांगते. तुला यातलं अर्धं माहीत आहे. कुठलं अर्धं ते मला माहीत नाही, म्हणून सगळंच सांगते.

परदेशात दोन वर्षं सूची करायला शिकले तेव्हा आमच्या बाईंना मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की आमच्यात आडनाव नसतं. माणसाला त्याचं स्वतःचं नाव, आणि पुढे बापाचं, तो कुणाचा ते कळावं म्हणून. माणूस शोधायचा तर त्याच्या नावाने. बायको नवऱ्याचं नाव लावत नाही, नातू आजोबाचं लावत नाही. त्या म्हणाल्या, "नियम सगळ्या जगाला एक. शेवटचं नाव आधी, मग स्वल्पविराम, मग पहिलं अक्षर." मी मान डोलावली. खरं सांगू, मला आवडलं ते. जगाच्या नियमात आपण बसतोय असं वाटलं. परत आले आणि आपल्या सगळ्या लेखकांना उलटं करून बसवलं. लोकांचे बाप पुढे आले आणि ज्यांनी पुस्तकं लिहिली ते एका अक्षरावर आले.

दुसऱ्या वर्षी तुझं पुस्तक आलं. डेब्रे मार्कोसला छापलेलं, पातळ, गोज्जाममधल्या मधाच्या झाडांवरचं. कोणतं झाड कुठल्या महिन्यात फुलतं आणि मधाला कसा रंग येतो, ते सगळं. तुझ्या पुस्तकाचं कार्ड मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. किती मिरवले मी त्या दिवशी. वर टाइप केलं, "यिमर, अ." आणि खणात लावायला गेले तर तिथे आधीच एक "यिमर, अ." बसलेली. माझी बारा पानांची पुस्तिका, सूची करण्याच्या नियमांवरची. मी हसले. म्हटलं, भावंडं एका खोलीत आली. पुढच्या वर्षी कार्डं आवरताना कुणी तरी दोन्ही एकाच लेखकाखाली एकत्र केली. कुणी तरी म्हणजे मीच. वेगळी ठेवायला हवीत हे मला कळत होतं. पण नियमात तशी सोय नव्हती, आणि सोय करायची तर नियम चुकला असं म्हणावं लागलं असतं.

मग तो उंच परदेशी प्राध्यापक आला, मधमाश्यांवर काम करणारा. आपली लिपी त्याला येत नव्हती, पुस्तकं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. खण चाळून त्याने तुझं पुस्तक काढलं आणि माझ्या टेबलापाशी आला. "यिमर, अ. तुम्हीच का?"

मी म्हणाले, "हो."

खोटं नव्हतं ते. मी आहेच यिमर, अ. त्याने पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "इतकं बारीक निरीक्षण कसं केलंत?" मी म्हणाले, "आमचे वडील मधमाश्या पाळायचे." तेही खरं. त्या दुपारी मी एकही शब्द खोटा बोलले नाही, अयालेव. इतकी वर्षं मी हेच स्वतःला सांगत आले, आणि आज कागदावर लिहिलं तर ते खोडावंसं वाटतंय.

त्यावरून मला वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली. तिकडे मी मधाच्या झाडांवर भाषण केलं. परत आल्यावर सूची विभागाची प्रमुख झाले. त्यांनी दिलेलं मानपत्र मी बाहेरच्या खोलीत लावलं.

त्याच वर्षी तू शिक्षण कार्यालयात अभ्यासासाठी रजा मागितलीस आणि त्यांनी सांगितलं, "तुमच्या नावावर पुस्तक कुठे आहे? राजधानीच्या सूचीत तर नाही." हे मला आईने सांगितलं. मी म्हणाले, "बघते." आणि बघितलं नाही.

तू आलास तेव्हा मी कॉफी केली होती. तू आधी ग्रंथालयात खण पाहून आला होतास हे मला नंतर कळलं. भिंतीवरचं मानपत्र वाचलंस. "मधाच्या झाडांच्या अभ्यासक विदुषीस," असं लिहिलं होतं त्यावर. पहिला कप झाला, दुसरा झाला. मग तू विचारलंस, "एत्ये, खणात मी नाही का?"

मी म्हणाले, "नियम आहे. मी काही नियमाच्या वर नाही."

तू नेटेला शाल खांद्यावर टाकलीस आणि उठलास. तिसरा कप, आशीर्वादाचा, तो न घेता कुणी आपल्या घरातून उठत नाही. दुश्मनसुद्धा. तू गेल्यावर मी तो ओतला आणि भांडी घासली. तुला वाटलं असेल तिला काही वाटलं नाही. वाटलं. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तुझाच राग आला. मोठ्या बहिणींना हे चांगलं जमतं.

आता आजचं. मधाचा डबा मी खालच्या खणात ठेवायला गेले, तुझ्या गठ्ठ्याशेजारी. शेवटी गाठ सोडली. म्हटलं, जो माणूस मध पाठवतो त्याचं लिहिलेलं निदान वाचावं. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका. "वडील यिमर यांना. आणि माझी बहीण अस्नाकेच हिला. झाडांना नावाने हाक मारायला मला तिने शिकवलं."

मी विसरले होते. तू पाच वर्षांचा, मी नऊची. गुरांमागे जाताना मी तुला म्हणायची, "नाव सांगितल्याशिवाय त्या झाडाच्या सावलीत बसायचं नाही." आणि तू उन्हात उभा राहून आठवायचास. हे तू सहाशे चाळीस पानांच्या आधी लिहिलंस. तुझं पुस्तक जिच्या नावावर गेलं तिचं नाव तू पुरतं लिहिलंस. मी तर ते कुठल्याच कागदावर लिहीत नाही. मी रडले. येशिमबेट आत आली आणि कुणी येऊ नये म्हणून दार ओढून गेली.

उद्या सकाळी मी आमचे प्रमुख आतो डान्याचेव यांच्याकडे जाणार. सगळं सांगणार. प्रकाशनाला लेखी कळवणार की ते पुस्तक तुझं आहे आणि माणूस स्वतःच्या पुस्तकातून चोरी करत नसतो. हे पत्र त्याआधी टपालात टाकते, म्हणजे रात्रीतून माझी मती फिरली तरी तुझ्यापर्यंत पोचलेलं असेल. मला मी चांगली ओळखते.

तुझ्या पुस्तकाचं नवं कार्ड असं होईल:

अयालेव यिमर.
गोज्जाममधली मधाची झाडं. डेब्रे मार्कोस, १९७१. ६४ पानं.

क्षमा मागायला हवी. ती या पत्रात बसत नाही. रजा नाकारली ते वर्ष मी तुला परत देऊ शकत नाही हे मला कळतं.

मध कडवट आहे. मला चालतोय.

तुझी बहीण


अदिस अबाबा,
हिदार १४, १९९८

प्रिय अयालेव,

तुम्ही सगळे बरे असाल. खोकला असेलच. मी ठीक आहे, आणि हे मी या वेळी पत्राची रीत म्हणून लिहीत नाही.

तुझं उत्तर कालच आलं. मी पाकीट फोडायला एवढी घाबरले की ते आधी येशिमबेटच्या हातात दिलं. ती म्हणाली, "मला काय देता? मला पाठीवरून पुस्तक ओळखता येतं, पत्र नाही." मग मीच फोडलं. एक ओळ.

"पानं ६४ नाहीत, ६६ आहेत. शेवटच्या दोन पानांवर आकडे छापायचे राहिले होते. सूची करणाऱ्यांनी मोजायला हवं."

एवढंच. क्षमेचं नाही, रागाचं नाही. मी तशीच जिन्याने खाली गेले, फळीवरून पुस्तक काढलं आणि मोजलं. सहासष्ट. सत्तावीस वर्षांत मी ते मोजलं नव्हतं, शेवटचा छापलेला आकडा पाहून मोकळी झाले होते. तिथेच दोन फळ्यांच्या मध्ये उभी राहून मी हसत सुटले. येशिमबेट म्हणाली, "बाई, बसा, पाणी आणते."

आता काय झालं ते क्रमाने सांगते.

आतो डान्याचेव माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि स्वभावाने सज्जन. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "वैझेरो अस्नाकेच बाई, तुम्ही सेने महिन्यात निवृत्त होताय. इतक्या वर्षांत एकाही वाचकाची तक्रार आली नाही."

दारात पुस्तकांची गाडी घेऊन येशिमबेट उभी होती. ती म्हणाली, "तक्रार कशी येईल, साहेब? लोक खणात आपल्या माणसाचं नाव शोधतात, सापडत नाही, मग माझ्याकडे येतात. म्हणतात, अमक्या अमक्याचं पुस्तक. मी काढून देते. त्या खणांना हात लावतात ते फक्त परदेशी आणि बाई."

मला हे माहीत नव्हतं, अयालेव. मला वाटायचं लोक तिच्याकडे जातात कारण ती गप्पिष्ट आहे.

आतो डान्याचेव यांनी पेन्सिल उचलली. मग मधला मार्ग काढला. "असं करू. तुमच्या भावाचं एक कार्ड बदला. बाकी सूची तशीच छापायला जाऊ द्या. प्रकाशनाला मी तोंडी सांगतो, नजरचूक झाली म्हणून. तुमचं नाव कुठे यायला नको."

ऐकायला किती गोड होतं म्हणून सांगू. मी खरंच क्षणभर हो म्हणणार होते. मग म्हटलं, "एकच बदललं तर माझ्या भावावर मेहेरबानी केल्यासारखं होईल. त्याला मेहेरबानी नको. नियमच चुकीचा होता आणि तो मी आणला. सगळी बदलायला हवीत."

"अकरा हजार कार्डं आहेत."

"मी लावली आहेत, मला आकडा माहीत आहे."

"छपाई पुढे जाईल. समितीला कारण द्यावं लागेल. मग संपादक म्हणून तुमचं नाव राहील की नाही, मला सांगता येत नाही."

मी म्हणाले, "कारणात खरं ते लिहा. मी सही करते."

ते म्हणाले, "माझ्या वडिलांची दोन पुस्तकं आहेत खाली. मी लहानपणी शोधायला आलो होतो. सापडली नव्हती." एवढं बोलून त्यांनी कागद पुढे ओढला.

त्या दिवसापासून आम्ही चौघं बसतोय. खणातली पितळी सळई ओढायची, कार्डं काढायची, एकेक पुन्हा टाइप करायचं, माणसाचं नाव आधी, मग बापाचं. छपाई आता गेन्नाच्या सणानंतर. येशिमबेट चहा पीत शेजारी बसते आणि नावं मोठ्याने ऐकते. "हा? हा कुठला लेखक? याचा बाप लाकडं तोडायचा, मी ओळखते. मुलगा लिहायचा." परवा आपल्या कार्डांवर आलो. मी थांबले. ती म्हणाली, "काय झालं, बाई?"

मी म्हणाले, "आमचे वडील. अंगठा लावायचे. सत्तावीस वर्षं या खणात लेखक म्हणून बसले होते."

ती म्हणाली, "मग मजा केली असेल त्यांनी. पण आता उठवा त्यांना. पोरांना बसू द्या."

खरं सांगायचं तर मला त्यांना पुरतं उठवावंसं वाटलं नाही. झाडांची अर्धी नावं त्यांचीच. पण ते तू अर्पणपत्रिकेत केलंच आहेस, आणि ते तिथेच शोभतं. सूचीत तू.

प्रकाशनाचं उत्तर आलं. घाईघाईने हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं आणि तसं झालंही नाही. ते हस्तलिखित नव्याने परीक्षकाकडे पाठवणार, तुझ्या नावाने. मी अट घातली की परीक्षक निदान असा असावा ज्याला मधमाशी चावली आहे. त्यांनी शेतकी महाविद्यालयातल्या एका बाईंचं नाव कळवलंय. त्यांनी तुझं पहिलं पुस्तक विद्यार्थी असताना वाचलं होतं, येशिमबेटकडून मागून. त्या प्रकाशनाला म्हणाल्या, "अयालेव यिमर? ते हयात आहेत?" मी कळवलंय की हयात आहेत आणि पानं मोजतात.

प्राध्यापकांनाही लिहिलं आहे, जुन्या पत्त्यावर. पोचेल न पोचेल. मानपत्र उतरवलं. भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन राहिलाय, तिथे काय लावावं ते अजून ठरत नाही. सोस्नाला फोनवर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मी मामाला इतकी वर्षं घुम्या समजत होते." तुझी भाची सुट्टीत तुमच्याकडे यायचं म्हणतेय. ये म्हणालास तर येईल.

संपादक म्हणून माझं नाव राहणार की नाही ते समिती पुढच्या महिन्यात ठरवेल. आधी मला वाटायचं की त्या आतल्या पानासाठीच मी इतकी वर्षं खुर्चीत बसले. आता कार्डं उलटताना एवढी मजा येतेय की त्या पानाची आठवण होत नाही. म्हणजे होते, पण रोज नाही.

सोबत कार्ड पाठवतेय. ही जास्तीची प्रत, खणातली जागेवर आहे, "अ"च्या खणात, तुझ्या नावाखाली. ६६ पानं. भोकही पाडलं आहे. तुझ्या मुलांना दाखव, आणि त्या शिक्षण कार्यालयातलं कुणी उरलं असेल तर त्यालाही. कार्डाच्या मागे मी एक जागा कोरी सोडली आहे. तुझं दुसरं पुस्तक छापून आलं की तिथे त्याचा दाखल क्रमांक घालायचाय, माझ्या हाताने, सेने महिन्याच्या आत. परीक्षक बाईंना मी घाई करणार नाही, पण तू कर.

हस्तलिखितात काही पानांवर तू झाडांची चित्रं चिकटवली आहेस, त्यातली तीन सुटली आहेत. ती कुठली कुठे हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. तेव्हा तुला यावं लागेल. चित्रं हे निमित्त आहे हे तुला कळेलच, म्हणून आधीच सांगून टाकते. तिक्म्तमध्ये मी लिहिलं होतं की क्षमा पत्रात बसत नाही. घरात बसेल असं वाटतं. नाही केलीस तरी ये.

बिचेनाची बस दुपारी पोचते. मी कॉफी भाजायला घेईन. या वेळी दोन कपांवर उठायचं नाही. तिसरा होईपर्यंत मी दार अडवून बसणार आहे, गुडघा दुखला तरी.

सही करताना हात आजही आधी जुन्या वळणाने गेला. थांबवला, आणि आईने ठेवलेलं नाव लिहिलं. ते लिहायला एवढा वेळ लागतो हे मला ठाऊकच नव्हतं.

तुझी एत्ये,
अस्नाकेच